पांढरं उन्हात, रंगीत सावलीत

गेल्या महिन्यात एका बारशाला डोंबिवलीला गेले होते. घुगऱ्यांची पुडी पर्समध्ये टाकली, रिक्षात बसले आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, स्टेशनला जाताना जरा जुन्या विहिरीच्या गल्लीतून घे." तो म्हणाला, "कुठली विहीर, आजी? तिकडे सगळ्या नव्या बिल्डिंगा आहेत." मी म्हटलं, "असू देत. मी काही विहिरीत उडी मारायला नाही चाललेय, नुसतं बघायचंय." तो हसला आणि त्याने रिक्षा वळवली.

आमची चाळ पाडून तिथे सात मजली इमारत झाली हे ऐकून होते. विहीर बुजवून तिच्यावर गाड्या उभ्या करतात हेही ऐकलं होतं. ते सगळं निमूट बघून घेतलं. तयारी नव्हती ती दगडाची. फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीला लागून तो पडला होता, वर त्याचा जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. उजवा कोपरा उडालेला आणि मधोमध तळहाताएवढा खळगा. त्या खळग्यात मी किती वेळा साबणाची वडी ठेवली असेल, आणि ती विरघळून गेली म्हणून किती वेळा बोलणी खाल्ली असतील.

वॉचमनला वाटलं, म्हातारी दमली. त्याने डबा उचलला आणि म्हणाला, "बसा आजी." मी बसले. त्या दगडावर जन्मात पहिल्यांदा बसले. लहानपणी धुण्याच्या दगडावर बसायची कुणाची छाती नव्हती. "तिथे कपडे धुतात, बूड नाही टेकायचं," असं कुसुमआत्या म्हणायची.

कुसुमआत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी ती आमच्याकडे आली. एकोणीस वर्षांची होती आणि नवरा जाऊन दोन महिने झाले होते. तो कसा गेला, काय झालं, ते आम्हा मुलांसमोर कुणी बोललं नाही. मला आठवते ती तिची पत्र्याची ट्रंक आणि तिची तीन पांढरी पातळं. एक अंगावर, एक दांडीवर, एक घडीत. तेवढ्यावर तिचं चालायचं.

दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड. अप्पा ठाण्याच्या कचेरीत कारकून, आई चुलीपाशी, आणि धुणं आत्याकडे. तिला ते कुणी नेमून दिलं नव्हतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने आईच्या हातून कपड्यांनी भरलेलं घंगाळ घेतलं आणि मागच्या विहिरीवर गेली. मी पाच वर्षांची, तिच्या मागे मागे गेले. पुढे अकरा-बारा वर्षं मी तिच्या मागे जातच राहिले. आई म्हणायची, "कुसुमला शेपूट फुटलंय."

धुणं म्हणजे तेव्हा अख्खी सकाळ. आता मशीनमध्ये कोंबलं की बायका मोबाइल घेऊन बसतात. मीही बसते, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा चाळीमागे थेट भाताची खाचरं लागायची, आणि विहिरीच्या रहाटाची कुरकुर त्या खाचरांच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जायची. कपडा दगडावर आपटला की एक आवाज इथे व्हायचा आणि दुसरा विहिरीच्या आत. मला वाटायचं, आत खाली कुणी दुसरी आत्या धुणं धुतेय. तसं मी विचारलंही एकदा. आत्या म्हणाली, "हो, पण तिच्या दगडाचा कोपरा शाबूत आहे."

सोड्याच्या पाण्याचा नाकात झिणझिणणारा वास अजून कधी कुठे आला तर मी जागच्या जागी थबकते. साबणाची लांबलचक वडी यायची, ती आत्या दोऱ्याने कापायची, लोण्यातून सुरी जावी तशी. मळकं धुणं लाकडी धोपाटण्याने बडवायचं, ते काम माझं. त्यात माझ्या गणिताच्या बाईंचा उद्धार व्हायचा. अप्पांची धोतरं रॉकेलच्या रिकाम्या डब्यात सोडा घालून तीन दगडांच्या चुलीवर उकळायची. मग नीळ. निळीची पुरचुंडी पाण्यात नुसती फिरवून काढायची, माझ्या हाती दिली की अप्पांचं धोतर आभाळी व्हायचं. मग खळ. भाताची पेज गाळून पातळ करायची. घट्ट राहिली तर कापड कडकडीत पापडासारखं, आणि उशीर झाला तर त्याला आंबूस वास मारायचा.

मला सगळ्यात आवडायचं ते पिळणं आणि घडी. पातळाचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती पीळ द्यायला लागली की मी टाचा उचलून ओढली जायचे आणि ती ओरडायची, "सोडू नकोस गं, सोडू नकोस." वाळलेल्या पातळाची घडी घालताना दोन टोकं धरून आम्ही एकमेकींकडे चालत यायचो. मध्ये गाठ पडली की ती माझ्या हातातली टोकं घ्यायची आणि माझं नाक चिमटीत धरायची. उन्हाचा वास यायचा त्या कापडाला. आता बाटलीत भरून विकतात तो नव्हे, खरा. घडी मग गादीखाली जायची, त्यावर अप्पा झोपले की इस्त्री झाली.

एक नियम तिने माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. ओलं धुणं खांद्यावर घेऊन निघाली की विचारायची:

"पांढरं कुठे?"

"उन्हात."

"रंगीत?"

"सावलीत."

"का?"

"पांढरं उन्हात उजळतं. रंग उन्हात उडतो."

"आणि माझं पातळ?"

"उन्हात."

"शाबास," ती म्हणायची आणि काठीने पातळ उंच दांडीवर सारायची. पुढच्या अंगणात, भर उन्हात. रंगीत धुणं मागच्या बोळात, पत्र्याच्या पडवीखाली. पाच वर्षं मी तिचं एकही कापड त्या पडवीखाली बघितलं नाही. नव्हतंच काही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय ते. ह्यातलं निम्मं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आईने एका दुपारी गहू निवडता निवडता सांगितलं, आणि मग ती उठून आत गेली.

मी दहा वर्षांची असताना कल्याणचे एक मास्तर आमच्याकडे येऊ लागले होते. अप्पांच्या ओळखीचे, शाळेत शिकवायचे. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. शांत माणूस. येताना आत्यासाठी एखादं वाचनालयातलं पुस्तक आणायचे, ते अप्पांच्या हातात द्यायचे आणि अप्पा ते कोनाड्यात ठेवायचे. आत्या दुसऱ्या दिवशी धुणं वाळेपर्यंत पडवीत बसून ते वाचायची. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी अप्पांना सरळ विचारलं. अप्पा म्हणाले, माझी हरकत नाही, लोकांचं मी बघून घेईन, पण कुसुमच्या मनात असलं पाहिजे.

आणि ते विचारणार कोण? भावाने बहिणीला असं विचारायची रीत नव्हती, आणि तिने सांगायची तर नव्हतीच. तेव्हा आईने वाट काढली. आत्याला म्हणाली, "कुसुम, तोंडाने काही बोलू नकोस. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मास्तर येणार आहेत. मनात असेल तर पांढरं नेसून बाहेर येऊ नकोस. माझं कुठलंही पातळ काढ. चहा घेऊन आलीस की ह्यांनाही कळेल, त्यांनाही कळेल. आणि मनात नसेल तर पांढऱ्यातच ये. कुणी एका शब्दाने विचारणार नाही."

आई सांगत होती, आठ दिवस आत्या आईच्या पातळांची ट्रंक उघडून बसायची. हिरवं काढायची, ठेवायची. पिवळं काढायची, ठेवायची. अबोली अंगाला लावून बघितलं आणि कुणी आलं म्हणून घाईने कोंबलं. "तिला रंग नको होता असं नाही गं," आई म्हणाली. "तो स्वतःच्या हाताने उचलायचा तिला धीर नव्हता."

आणि त्या आठवड्यात मी दिवे लावले.

कल्याणच्या बाजारातून मला दिवाळीचा परकर आणला होता, डाळिंबी रंगाचा. दुकानदाराने पक्क्या रंगाची शपथ घेतली होती. आईने बजावलं होतं, दुकानदाराच्या शपथेवर जाऊ नकोस, पहिल्यांदा वेगळा मिठाच्या पाण्यात काढ, म्हणजे रंग पक्का बसेल. पण शुक्रवारी शेजारच्या बाहुलीचं लग्न होतं आणि मी वरमाय. मला तो परकर खळ घालून, कडक करून हवा होता. गुरुवारी सकाळी शाळेत जाताना दिसलं, घंगाळात आत्याचं पातळ भिजत घातलंय. कुणी बघत नाहीसं पाहून मी परकर त्याच्या खाली दडपला आणि निघून गेले. पुढे काय होणार ह्याची मला काडीची कल्पना नव्हती.

अकराला परत आले तर विहिरीवर बायका जमलेल्या. आत्या मध्ये उभी, दोन्ही हातांत पातळ. पांढरं नव्हतं ते. फिकं, कोवळं गुलाबी झालं होतं. सगळीकडे सारखं, कुठे डाग नाही की ओघळ नाही. मुद्दाम रंगवायला बसलं असतं तर इतकं नीट साधलं नसतं.

शेजारच्या काकू म्हणत होत्या, "आता हे पातळ बिचारीने नेसायचं कसं? तीनातलं एक गेलं की."

विहिरीची मालकीण हिराबाय कठड्यावर बसली होती. गावातल्या जुन्या आगरी घरातली, आमच्या मागची खाचरं तिचीच. ती म्हणाली, "नेसायचा कसा म्हंजे? जसा नेसतान तसा. ब्येस रंग आलाय."

"आमच्यात नाही चालत, हिराबाय."

"आमच्यान पाट लावतान, पोरीचा जल्म फुकट नाय घालवत. तुमच्यान रंग बी नाय चालत?"

काकूंनी कळशी उचलली आणि चालू लागल्या. तेवढ्यात आई हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. परकर बघितला, पातळ बघितलं आणि माझा कान धरला. "कार्टे, मीठ घालून वेगळा काढ म्हणून सांगितलं होतं ना?" पण पिरगाळता पिरगाळता तिची नजर आत्याकडे गेली आणि तिचा हात सैल पडला. मला वाटलं, माझी दया आली.

"असू द्या, वहिनी. तिला मारू नका," आत्या म्हणाली. "लागला रंग तर लागला." मग पातळाकडे बघत पुन्हा तेच म्हणाली, हळू. "लागला रंग तर लागला."

तिने त्या पातळाला साबण लावला नाही. दगडावर आपटलं नाही. दोन बादल्या स्वच्छ पाण्यातून काढलं, आणि तिसऱ्या पाण्यात घरातून मूठभर मीठ आणून टाकलं. मग ते खांद्यावर घेऊन ती पुढच्या अंगणात गेली नाही. मागच्या बोळात गेली, पडवीखाली, माझ्या परकराशेजारी तिने ते वाळत घातलं. त्या दिवशी तिने मला पाढा विचारला नाही.

मीठ कशाला घालतात मला ठाऊक होतं. सावली कशाला तेही ठाऊक होतं. सगळं पाठ होतं, सगळं डोळ्यांदेखत झालं आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. बाईमाणसाने ह्याहून स्पष्ट कसं सांगायचं? मला वाटलं, पातळ वाया गेलं म्हणून तिने नाद सोडला, आता त्याला ऊन दिलं काय आणि न दिलं काय. शुक्रवारी तिने त्याची घडीही मला न बोलावता घातली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधून. मी ती माझ्यावरची नाराजी समजले. बाहुलीच्या लग्नात वरमाय तोंड पाडून बसली होती. तीनातलं एक गेलं, तीनातलं एक गेलं, हेच कानात.

शनिवारी दुपारी आई आणि आत्या चाळीतल्या पहिल्या खोलीत चकल्या पाडायला गेल्या. दिवाळीचा फराळ तेव्हा सगळ्या मिळून करायच्या. मी गादीखालून पातळ काढलं.

माझ्या आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काम केलेलं नाही. डब्यात पाणी भरलं, सोडा घातला, चूल पेटवली. धुराने डोळे चुरचुरत होते. पातळ उकळत होतं आणि पाणी गुलाबी होत होतं. ते ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडा. तीनदा उकळलं. दगडावर घेऊन साबण लावला, आपटलं, हाताची सालं निघाली. विहिरीच्या आतली दुसरी आत्याही माझ्याबरोबर आपटत होती. मग बांधावरच्या गवतावर पसरलं आणि उन्हात उभी राहून त्याच्यावर पाणी शिंपडत राहिले, जरा सुकलं की पुन्हा शिंपडायचं. असं केलं की हट्टी डागही जातो, हे तिनेच शिकवलं होतं.

हिराबाय गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. थांबली. "कोनाचा गो कापड?"

"आत्याचं. पांढरं करतेय."

तिने पातळाकडे बघितलं. "चांगला व्हता की त्यो रंग," म्हणाली. मी मान हलवली आणि आणखी पाणी शिंपडलं. तिने भारा नीट केला आणि गेली.

उन्हं कलेपर्यंत पातळ असं पांढरंशुभ्र झालं की आत्याच्या हातूनही कधी झालं नव्हतं. नीळ बेताची बसली. खळ बेताची बसली. मी गजाला टोक बांधून एकटीने घडी घातली, तांब्यात निखारे घालून तिच्यावरून फिरवला, आणि जिथून काढली तिथेच ठेवून दिली. कुणाला काही बोलले नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. मी जे करायला गेले तेच झालं, अगदी मनासारखं झालं.

रविवारी संध्याकाळी मास्तर आले. बाहेरच्या खोलीत अप्पांशी बोलण्याचा आवाज येत होता, आणि आई कपबश्या पुसत होती. त्या दिवशी तिने साखरेच्या डब्याचं झाकण तसंच उघडं ठेवलं होतं, ती तसं कधी ठेवत नसे. आत्याने न्हाऊन केस बांधले होते. ती गादीपाशी गेली, घडी काढली. मी दाराशी उभी होते, शाबासकीची वाट बघत.

तिने घडी उलगडली. एकदा. मग पुरती. मग पातळ उलटंसुलटं करून बघितलं, आतल्या बाजूला काही राहिलंय का असं.

"तू केलंस?"

"हो. पूर्ण गेला रंग. तीनदा उकळलं, आत्या."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तिने तळहात त्या कापडावरून फिरवला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

"किती पांढरं केलंस गं," ती म्हणाली.

मला ती शाबासकी वाटली. देवाशप्पथ सांगते, मला ती शाबासकी वाटली आणि मी आनंदाने उडी मारली.

ती नेसली. स्वयंपाकघरात आली तेव्हा आईने हातातली बशी खाली ठेवली. आईने दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कुसुम, माझं अबोली काढून देऊ का? क्षणाचं काम आहे."

"नको, वहिनी."

"अगं, पण..."

"आपणहून लागला होता तो निराळा. मुद्दाम नेसून मला नाही जमायचं." आणि तिने चहाचं ताट उचललं.

मी तिच्या मागे बाहेर गेले. अप्पांनी वर बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मास्तरांनी कप घेतला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मला सतराचा पाढा विचारला, मी तो घडाघडा म्हटला. ते "छान" म्हणाले. मग कोनाड्यात होतं ते जुनं पुस्तक त्यांनी परत घेतलं, आणि नवं आणलेलं पिशवीत होतं ते पिशवीतच राहिलं. आत्या आतल्या दाराशी उभी होती. चपला घालताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. ते पातळ इतकं पांढरं होतं की संध्याकाळच्या अंधुक खोलीत तेवढंच दिसत होतं.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झाल्याचं अप्पांनी जेवताना सांगितलं. आत्याने ताक वाढलं.

मला तिने त्याबद्दल कधीही, एका शब्दाने, काही म्हटलं नाही. सोमवारी सकाळी तिने घंगाळ उचललं, मी शेपटासारखी मागे. ओलं धुणं खांद्यावर घेऊन तिने नेहमीसारखं विचारलं, पांढरं कुठे, रंगीत कुठे. मी म्हटलं. पण "आणि माझं पातळ?" हे तिने त्या दिवसापासून विचारलं नाही. हेही माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. आईने गहू निवडताना सांगितलं त्या दुपारी, एकेक करून सगळं ध्यानात आलं. मीठ, सावली, गजाला बांधलेलं टोक. मी तशीच उठून विहिरीवर गेले आणि रिकामी कळशी घेऊन परत आले.

आत्या पुढे शिवणकाम शिकली, वस्तीतल्या मुलींना शिकवायला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. उगाच कीव करू नये असं तिचं आयुष्य होतं. विनोदी होती, खडूस होती, माझ्या मुलांना तिने माझ्याहून जास्त धाकात ठेवलं. शेवटची नऊ वर्षं ती ठाण्याला माझ्याकडेच होती. मशीन आणलं तेव्हा स्टूल घेऊन त्याच्या गोल खिडकीसमोर बसायची. "पीळ बरा देतं," म्हणायची. एकदा अशीच बसलेली असताना मी धीर केला.

"आत्या, ते गुलाबी झालेलं पातळ..."

"कुठलं गं?" ती म्हणाली. आणि लगेच उठली. "झालं बघ ह्याचं. चल, वाळत घालू, ऊन जाईल."

तिला आठवत नव्हतं, का माझ्यावर दया करत होती, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

त्या दिवाळीला मी तिच्यासाठी एक साडी आणली. फिकी, कोवळी गुलाबी. दुकानात ढिगाऱ्यातून तास घालवून तो रंग शोधला. तिने साडीवरून तळहात फिरवला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, आणि म्हणाली, "छान आहे. तू नेस. आता माझ्या अंगावर काय शोभा?" मी ती तिच्या कपाटात तिच्या पांढऱ्या साड्यांखाली ठेवून दिली. असेल मनात तर काढेल, म्हटलं. आईचीच युक्ती.

तिने काढली नाही. ती काढायची वेळ माझ्यावरच आली. ती गेली त्या सकाळी नात्यातल्या बायका जमल्या होत्या. अंघोळ घालून झाली. कुणीतरी म्हणालं, "साडी द्या गं." मी कपाट उघडलं. हात थेट खाली गेला, गुलाबी काठ बोटांना लागला. काय बिघडणार होतं? कोण बोलणार होतं, आणि बोललं असतं तरी मी पासष्टीची बाई, घर माझं, आत्या माझी. मी ती साडी निम्मी बाहेर ओढली होती. मागून एक लांबच्या मामी म्हणाल्या, "पांढरीच घे हो, जी त्यातल्या त्यात चांगली असेल ती."

मी पांढरी दिली.

दहा वर्षांची असताना मला कळत नव्हतं. तेव्हाचं मी स्वतःला कधीतरी माफ करीन. पण ह्या वेळी मला सगळं ठाऊक होतं, तरी मी पांढरी दिली. मामी नेसवता नेसवता म्हणाल्या, "किती पांढरं ठेवलंय हो धुऊन." आणि मी खाली बघितलं, अप्पांनी बघितलं होतं तसं.

वॉचमन चहा घेऊन आला, अर्धा कप मला दिला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी उठताना खळग्यातून हात फिरवला. कोरडा ठणठणीत होता. सोसायटीकडे मागितला असता तर दिलाही असता कुणी तो दगड, पण ठाण्याच्या चौथ्या मजल्यावर मी तो कुठे ठेवू?

गुलाबी साडी अजून माझ्याकडे आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधी ती मी बादलीत काढते, हाताने, मूठभर मीठ घालून. मागच्या गॅलरीत, जिथे ऊन येत नाही, तिथे वाळत घालते. ह्या खेपेला डोंबिवलीहून आले आणि दुसऱ्याच दिवशी तिला पाण्यात घातलं. सुनेने विचारलं, "आई, ही साडी कुणी नेसलेलीही नाही, मग दर वेळी धुता कशाला?"

"रंग जातो का बघते," मी म्हटलं.

तिने बादलीत वाकून बघितलं. पाणी नितळ होतं.

"नाही गेला," ती म्हणाली. "चला, एक टोक द्या माझ्याकडे."